एकवीस नंबर कोपऱ्यावरूनच जात होती

बायको गेल्याचा फोन आला तेव्हा बाइंडर बूट घालून दारापाशी खुर्चीवर बसले होते. मांडीवर दुधाचा थर्मास होता. दवाखान्यात भेटीची वेळ चार ते सहा. फोन आला चार वाजून वीस मिनिटांनी. जावयाची गाडी अजून यायची होती.

बाइंडर लहान गावचे, पुस्तकं बांधायचा धंदा. बायकोला उपचारासाठी या मोठ्या शहरात आणलं आणि ते मुलीकडे उतरले. एकोणीस दिवसांत बायकोची भेट झाली पाच वेळा. बाकीचे चौदा दिवस त्या खुर्चीवर गेले.

जावई वाईट होता का? मुळीच नाही! लिफ्टदुरुस्तीचं काम त्याचं. कुठे माणसं अडकली की हातातला घास टाकून पळायचा. पण सासऱ्यांना बसने पाठवायचं म्हटलं की त्याला कसंतरीच व्हायचं. "माझे सासरे बसला लोंबकळत जाणार? मी सोडतो ना बाबा. अर्ध्या तासात आलोच." आणि बाइंडर? बसचं विचारलं तर जावयाला कमीपणा येईल, म्हणून ते गप्प. दोघंही एकमेकांचा मान राखत बसले, आणि तिकडे खाटेवरची बाई दाराकडे बघत राहिली.

आठ दिवसांनी मुलगी आईचे कपडे आणायला दवाखान्यात गेली, ती निरोप घेऊन आली. "बाबा, आईच्या शेजारच्या खाटेवरच्या आजी आठवतात? आई रोज त्यांची वेणी घालायची. त्यांना शुक्रवारी सहाला भाचा गावी नेतोय. म्हणाल्या, 'त्याआधी तुझ्या बाबांना पाठव. तिचं बोलणं माझ्यापाशी आहे.'"

त्या चौदा दिवसांत ती काय बोलली, हे सांगणारं जगात दुसरं कोणी नव्हतं.

शुक्रवारी चारला बाइंडर बूट घालून खुर्चीवर बसले. सव्वाचारला जावयाचा फोन आला. "बाबा, दोन माणसं अडकलीत. अर्ध्या तासात आलोच!"

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या डेपोबाई दारात आल्या. तीस वर्षं बसडेपोच्या चौकशीखिडकीत बसलेली बाई, म्हणून सगळे तिला डेपोबाई म्हणत.

"भाऊ, कुठे निघालात?"

"दवाखान्यात. गाडी यायचीय."

"गाडी कशाला? कोपऱ्यावरून एकवीस नंबर थेट दवाखान्याच्या दारात जाते की! दर बारा मिनिटांनी."

"कधीपासून?"

"मी नोकरीला लागले त्याच्या आधीपासून!"

बाइंडर उठले आणि परत खाली बसले. दर बारा मिनिटांनी! त्यांच्या डोळ्यांदेखत तो कोपरा होता. चौदा दुपारी ती बस रिकाम्या जागा घेऊन गेली होती!

त्यांच्या चेहऱ्यावरून डेपोबाईंना सगळं कळलं. त्या जवळ येऊन बसल्या. "मी खिडकीत बसून एक बघितलंय, भाऊ. रस्ता माहीत नसलेला माणूस हरवत नाही, विचारायला लाजणारा हरवतो. बसमध्ये काय गरीबच बसतात? डॉक्टर बसतात, मास्तर बसतात. तुम्हीच काय मोठे लाटसाहेब लागून गेलात? उठा!"

"जावयाला वाईट वाटेल हो."

"वाटू दे. त्याला मी बघते. आणि ऐका, तिकीट नको, दिवसाचा पास घ्या."

"एकदाच तर जायचंय."

"पहिल्यांदा जाताय, चुकणारच. तिकीटवाला चुकला की घाबरतो. पासवाला उतरतो आणि दुसरीत बसतो."

बाइंडरांनी पास घेतला. बसचा नंबर तीनदा तपासला, पुस्तकाची पानं लावताना तपासावा तसा. रस्त्याची बाजू मात्र बघायची राहिली! तीन थांब्यांनी कंडक्टर म्हणाला, "काका, दवाखाना पाठीमागे चाललाय आपला."

"पानांचा फर्मा उलटा लागला म्हणायचा," बाइंडर पुटपुटले. उतरले, रस्ता ओलांडला आणि पास दाखवून समोरच्या एकवीसमध्ये बसले. लाज मात्र वाटली नाही.

सहाला वीस मिनिटं असताना ते वॉर्डात पोचले. आजींची पिशवी बांधून तयार होती.

"आलात? एकटेच?"

"बसने आलो."

आजी हसल्या आणि मग त्यांचे डोळे भरले. "ती म्हणायची, 'आमचे हे हजार पानांचं पुस्तक सरळ बांधतील, पण जावयाकडे तोंड उघडून एक शब्द मागायचे नाहीत.' रुसली नव्हती हो. तिने आयाबाईंना विचारून बसचा नंबर काढला होता. तुम्हाला सांगणार होती. पण तुम्ही यायचात तेव्हा जावई शेजारी उभा. त्याला काय वाटेल म्हणून बोलली नाही. म्हणाली, 'एकटे आले की सांगेन.'"

बाइंडरांनी आजींची पिशवी उचलली आणि भाच्याबरोबर खाली फाटकापर्यंत नेऊन दिली.

घरी आले तर जावई दारातच उभा. डेपोबाईंनी त्याची चांगलीच हजेरी घेतलेली दिसत होती. "बाबा, चुकलो मी!" म्हणत तो लहान मुलासारखा रडला. बाइंडरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तू एकटा कुठे चुकलास? तोंड मलाही होतं."

दुसऱ्या दिवशी जावयाने स्वतः रांगेत उभं राहून सासऱ्यांचा ज्येष्ठांचा महिन्याचा पास काढला. मुलीने दाराशी एक कागद लावला. कुठली बस, कुठली बाजू, कुठला थांबा, सगळं मोठ्या अक्षरांत. आता त्या घरी कोणी पाहुणा आला की आधी त्या कागदासमोर उभा राहतो, मग चहा.

मंडळी, आपल्याकडे कोणी परगावाहून आलं की आपण प्रेमाने म्हणतो, "मी सोडतो." जरूर सोडा. पण पहिल्याच दिवशी त्याच्या हातात पास द्या, त्याला रस्ता दाखवा, एकदा बरोबर बसून जा. आणि पाहुणे मंडळींनो, विचारा! बसने जाण्यात कमीपणा नाही. आपलं माणूस वाट बघत असताना मान सांभाळत बसण्यात आहे.

बायकोने बसचा नंबर विचारून ठेवला होता आणि जावयाला वाईट वाटेल म्हणून सांगितला नाही, हे बाइंडरांनी त्याला अजून सांगितलेलं नाही.