कोरा कागद घोटणारा दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. हसू नका! ठेच लागते तसला नव्हे मी. जुन्नरच्या कागद करणाऱ्या घराण्यातला घोटणीचा दगड. पूर्वी इथे हाताने कागद बनायचा. तो वाळला, त्याला खळ लावली, की मला त्यावरून जोर लावून फिरवायचे. मग कागद असा गुळगुळीत व्हायचा की शाई फुटायची नाही.

कागद घ्यायला शास्त्रीबुवा येत, मौलवीसाहेब येत. पायरीवर बसून त्यांच्या गप्पा रंगत. "विद्या म्हणजे दिवा," शास्त्रीबुवा म्हणत. "एकावरून दुसरा लावा, पहिला काही कमी होत नाही."

"छे, छे! विद्या म्हणजे विहीर," मौलवीसाहेब म्हणत. "उपसाल तेवढं पाणी येतं."

शिष्याबद्दल मात्र दोघांचं एकमत. शिष्य म्हणजे कोरा कागद, गुरू लिहील ते त्यावर उमटणार. मला ते भारीच आवडायचं. तो कोरा कागद घोटणारा मीच ना! अगदी चढून गेलो होतो.

पुढे गिरणीचा कागद आला आणि माझं काम संपलं. आता त्याच घराण्यातल्या जोहराबी मला लसूण ठेचायला घेतात. कुठे पोथ्या आणि कुठे लसूण! नशीब, दुसरं काय.

मध्यंतरी एकदा त्यांचा मुलगा शौकत लेकीच्या शाळेतून तणतणत घरी आला. तो विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करतो. त्याच्याबरोबर गावोगाव फिरताना लेक रूहीची शाळा बुडाली होती. चौथीत आली तरी तिला वाचता येईना.

"बाई म्हनल्या, पोरगी कोरी हाय," शौकत म्हणाला. "बास झाली शाळा! उद्यापासून घरी."

रूही मुसमुसू लागली. मला लई वाईट वाटलं.

जोहराबींनी पेटीतून सासऱ्यांच्या हातचा एक कागद काढला आणि नातीला जवळ घेतलं. "रडू नगं. ह्यो बघ, तुज्या पणज्याच्या वक्ताचा कोरा कागद."

रूहीने डोळे पुसले आणि कागद दारातल्या उन्हात धरला. "दादी, ह्यात धागं हायेत!"

"असनारच. जुनी गोणपाटं, सुतळ्या कुटूनच कागद व्हायचा."

"मग ह्यो कोरा कसा?" रूही बापाकडे वळली. "अब्बा, मी बी कोरी नाय. पेठच्या विहिरीवर मोटार घरघरली, तवा बेरिंग गेलंय म्हनून कुनी सांगितलं? चौदाचा पाना मागितला की चौदाचाच देते ना? आकडं वळखते, तशी अक्षरं बी वळखंन. शाळा नका ना सोडवू!"

वाह गं पोरी! शास्त्रीबुवा आणि मौलवीसाहेब असते, तर त्यांनी पायरीवर सरकून तिला जागा दिली असती.

शौकतने तिच्या हातून कागद घेतला आणि उन्हात धरून बराच वेळ पाहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "बाई आनखी एक म्हनल्या व्हत्या. रोज घरी वाचाया बसवा. रागात सांगायचं ऱ्हायलं."

तेव्हापासून संध्याकाळी बापलेक पुस्तक घेऊन बसतात. पंख्याने पान उडू नये म्हणून मला वर ठेवतात. लसणाचा वास येतो म्हणून रूही नाक मुरडते, पण हलवत नाही. जोडाक्षर आलं की अडते, पुन्हा वाचते. काल तिने अख्खं पान वाचलं. मला उचलून पुढचं पान शौकतने स्वतः उलटलं.

मित्रांनो, एखाद्याला कोरा म्हणायची घाई करू नका. आधी उन्हात धरून बघा. आणि मग घोटायला त्याच्याजवळ बसा.