बाराव्या पानावरची आवडी

रामहरीने बाराव्या पानावर तिरकी लाल रेघ मारली आणि पुढचे पान ओढले. कादंबरीचा हा चौथा खर्डा. दर खर्ड्यागणिक कादंबरी सुधारत होती म्हणे. त्याची पाठ मात्र कामातून गेली होती.

सकाळीच उस्मानपुऱ्यात सायलीताईंच्या घरी, एकमेकांचे लिखाण वाचणारा त्यांचा गट बसला होता. चौघेही भली माणसे. सल्ला देताना कुणी हात आखडता घेत नसे.

"ती लहान मुलगी काढून टाका," सायलीताई म्हणाल्या. "बाराव्या पानावर येते, विसाव्यावर मरते. पुढं कथेला तिचा काही उपयोग नाही."

खरेच होते ते. आवडीचा उपयोग असा कुणालाच झाला नव्हता. रामहरीची ही थोरली बहीण तीन वर्षांची असताना, मेंढरांमागे हिंडताना, सिल्लोडच्या अलीकडे तापाने गेली. रस्त्याकडेच्या बाभळीखाली तिला पुरले आणि दुसऱ्या दिवशी कळप पुढे निघाला. दरसाल त्या वाटेने जाताना माय तिथे एक दगड ठेवायची. रस्ता रुंद झाला तेव्हा बाभळही गेली आणि दगडही गेले.

नऊ पानांवर रेघा मारून झाल्या. त्याने ती दुमडून रद्दीत टाकली. आता सुटल्यासारखे वाटेल अशी आशा होती, पण नुसताच शीण आला.

त्याची माय बानाबाई चहा घेऊन आली. कप ठेवून ती गठ्ठ्याकडे बघत उभी राहिली. तिला अक्षरओळख नव्हती.

"झालं का रं लिहून?"

"होत आलंय, माय."

"आवडी कुठं हाय यात? बोट ठिवून दाव."

कोणतेही पान पुढे केले असते तरी तिला कळणार नव्हते. त्याने तसे एक उचललेही. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. वाकून त्याने रद्दीतली पाने काढली, हाताने सरळ केली आणि आवडीच्या नावावर बोट ठेवले.

"हे तांबडं काय?"

"चुकून लागलं."

ती अंगणात गेली. पंख्याच्या वाऱ्याने पाने फडफडू लागली. परत आली तेव्हा तिच्या हातात मुठीएवढा दगड होता, नळाखाली धुतलेला. पदराने पुसून तिने तो पानावर ठेवला.

"वाऱ्यानं उडतील," ती म्हणाली. "चा निवला तुझा. दुसरा टाकते."