राजेसाहेबांची पेटी

राजेसाहेबांना आत ठेवून बाईंनी झाकण लावलं आणि पेटी हलवली. आत खडखडाट झाला.

"मेलो!" आतून आवाज आला. साचे करणारे मिस्त्री दचकून मागे सरले. बाईंचे ओठ हललेही नव्हते.

राजेसाहेब म्हणजे लाकडी बाहुला. बाई त्याला मांडीवर घेऊन बोलक्या बाहुल्याचे खेळ करतात. प्रवासात त्याची मान दोनदा मोडली होती. तिसऱ्यांदा मोडली तर जोडायला लाकूडच उरणार नाही, असं सुताराने सांगून टाकलं होतं. आणि दौरा उद्या सकाळी निघणार होता. पेटीचं काम मामाने माझ्या गळ्यात घातलं होतं. त्याच्या कारखान्यातलं माझं पहिलंच.

आमची पद्धत सोपी आहे. पोकळ लोखंडी साच्यात प्लॅस्टिकची पूड घालायची आणि साचा भट्टीत दोन दिशांनी फिरवत ठेवायचा. पूड वितळून आतल्या बाजूला सगळीकडे सारखी चिकटते. मग फिरवतच थंड करायचं. निघालेला पोकळ खोका मधोमध कापला की खाली तळ, वर झाकण. थंड होताना प्लॅस्टिक शंभराला तीन इतकं आकसतं, म्हणून साचा तेवढा मोठा ठेवतात.

"तीन टक्के धरलेस ना?" मामाने विचारलं.

"धरले की. कागदावर आहेत."

मिस्त्री खोकले. "साचा करताना मीही धरले. मी नेहमीच धरतो."

बाईंनी पेटीकडे पाहिलं. राजेसाहेबच आतून म्हणाले, "आणि आमच्या बाईंनी मापंच दोन बोटं वाढवून दिली. म्हणाल्या, प्लॅस्टिक आहे, आटेल."

मामाने कपाळाला हात लावला. "तिघंही शहाणे!"

"स्पंज कोंबू," मिस्त्री म्हणाले.

"मागच्या पेटीत स्पंजच सुटला होता." बाई पहिल्यांदाच स्वतःच्या आवाजात बोलल्या.

नव्या साच्याला चार दिवस लागले असते. पण साचा ठरवतो तो बाहेरचा आकार. आतली जागा पूड ठरवते. जास्त पूड, जाड भिंत. तेवढी जाड पेटी उचलायला मात्र दोन हमाल लागले असते. मग मला बर्फाच्या पेट्यांसाठी वापरतो ती, तापली की फुगणारी पूड आठवली. आधी नेहमीची पूड, तिचा थर बसला की फुगणारी. जाड, पण हलकी.

"साचा बंद. थर बसला हे कळणार कसं?" मी विचारलं.

"या नळीतून वास येतो," मिस्त्री म्हणाले. "घड्याळ काय म्हणतंय?"

"अठरा मिनिटं. झालं."

"वास कच्चा आहे. अजून दोन."

विसाव्या मिनिटाला त्यांनी मान डोलावली. मी वहीत वीस लिहिलं आणि साचा थांबवून त्याच नळीतून दुसरी पूड ओतली.

दुपारी नवी पेटी कापली. भिंत जवळजवळ दोन बोटं जाड. राजेसाहेब आत अलगद बसले. बाईंनी पेटी हलवली, खडखडाट नाही. तरी त्या पेटी घेऊन माळ्याच्या जिन्यावर चढल्या.

"आधी रिकामी टाकून बघा!" मी ओरडले.

"रिकाम्या पेटीला मान असते का?" राजेसाहेब आतून म्हणाले.

बाईंनी सोडलेली पेटी सात पायऱ्या गडगडत मिस्त्रींच्या पायाशी येऊन थांबली. आतून हूं नाही की चूं नाही. मी धावत जाऊन कडी काढली. झाकण उघडलं. मान सरळ होती, तरी राजेसाहेब बोलेनात.

मी वर पाहिलं. बाई कठडा घट्ट धरून, डोळे मिटून उभ्या होत्या.

"शाबूत आहे हो!" मामा म्हणाला.

बाईंनी श्वास सोडला, आणि पेटीतून हुकूम आला, "मिस्त्री, पुन्हा वर घेऊन चला! मजा आली."