आप्पांच्या हातांची थरथर

हेमकांत तसा वाईट माणूस नाही. काळजी करतो. पण एकदा त्याच्या डोक्यात काळजी बसली की समोरच्याचं ऐकून घ्यायला तिथे जागा उरत नाही. स्वतःच्या वडिलांच्या बाबतीत त्याने नेमकं हेच केलं.

त्याचे वडील भिला आप्पा आणि आई दगूबाई शहाद्याकडच्या गावात राहतात, हेमकांत नंदुरबारला जिल्हा परिषदेत नोकरीला. घरची गाडी गावी आप्पांकडे असायची. ट्रॅक्टरवर हयात घालवलेला माणूस साठी उलटल्यावर चारचाकी शिकला आणि मग घरात थांबेना. बायकोला शेजारी बसवून बाजाराला, लग्नाला, देवाला, मन होईल तिकडे निघायचे. दगूबाई तर एसटीची वाट बघत उभ्या असलेल्या बायकांना खिडकीतून मुद्दाम हात करायची. तेवढी मिजास तिलाही हवीच होती.

गेल्या थंडीत ममताचा भाऊ नवनीत आणि त्याची बायको गावी पाहुणे आले होते. ममता म्हणजे हेमकांतची बायको. परत जाताना पाहुण्यांना नंदुरबार स्टेशनवर सोडायला आप्पाच निघाले, हेमकांत पुढे त्यांच्या शेजारी बसला. मोकळा रस्ता लागला, गाडीने वेग घेतला आणि आप्पा म्हणाले, "स्टेअरिंग थरथर करस रे. कितला दिनपासून देखी ऱ्हायनू मी."

हेमकांतने पाहिलं. त्याला वर आलेल्या शिरा दिसल्या, सैल पडलेली कातडी दिसली आणि थरथरणारे हात दिसले. त्या हातांत स्टेअरिंगही होतं, पण ते काही त्याला दिसलं नाही.

"आप्पा, स्टेअरिंग नही, तुम्हना हात थरथर करतस. आते वय व्हयनं."

मागे नवनीत हसला. वाईट अर्थाने नाही, पाहुणे हसतात तसा. आप्पांनी आरशातून मागच्या सोयऱ्यांकडे एकदा पाहिलं. त्यांनी वेग कमी केला. थरथर थांबली. म्हातारा सावध झाला, असं हेमकांतला वाटलं.

मग त्याची काळजी कामाला लागली. गाडीची चावी त्याने स्वतःकडे घेतली आणि गाडी नंदुरबारला आणून उभी केली. आप्पांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी हात पुढे धरायला लावले, बोट नाकाला लावायला सांगितलं आणि म्हणाले, "तसं विशेष काही नाही." हेमकांतने त्यातलं 'तसं' तेवढं ऐकलं. भाऊबंदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याने लिहिलं, 'आप्पांचे हात थरथरतात, कृपया त्यांना कुणी गाडी चालवायला देऊ नये.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागली.

गावात एवढं पुरे असतं. दगूबाई आप्पांना चहा अर्धा कप भरून देऊ लागली. भाऊबंदांत नवरदेवाला फेटा आप्पांनीच बांधायचा असा रिवाज होता. त्या उन्हाळ्यात त्यांच्यातल्याच करणसिंगच्या पोराचं लग्न निघालं, तर फेटा बांधायला दुसऱ्यालाच बोलावलं. आप्पांनी कुरकुर केली नाही. ते ओट्यावर बसायचे, हात गुडघ्यांवर पसरायचे आणि त्यांच्याकडे बघत राहायचे. हेमकांत सुटीला गेला की हे बघायचा आणि आपण वेळेवर लक्ष दिलं, असं मनाशी म्हणायचा.

नंदुरबारात गाडी चालवायची म्हणजे रिक्षांच्या मागे मागे. तिथे वेग येणार कुठून? म्हणून पुढचे कितीतरी दिवस कळलंच नाही. मग एका रविवारी तो आणि ममता नवापूरला निघाले. विसरवाडीच्या पुढे महामार्ग लागला, हेमकांतने गाडी दाबली आणि स्टेअरिंग त्याच्या हातात थडथड करायला लागलं. आधी त्याने रस्त्याला शिव्या घातल्या. रस्ता तर गुळगुळीत होता. थरथर मनगटातून कोपरापर्यंत चढली.

ममता त्याच्या हातांकडे बघत होती. "आप्पा हाईच सांगेत ना?" ती म्हणाली.

नवापूरला शिरल्या शिरल्या त्याने गाडी मगन मिस्तरीच्या गॅरेजात घातली.

मगनने पुढचं चाक जॅकवर उचललं आणि दोन्ही हातांनी धरून हलवलं. चाक कटकट वाजलं. खाली वाकून तो बराच वेळ बघत राहिला. सस्पेन्शनच्या आर्मचे रबरी बुश फाटून गेले होते, टाय रॉडचं टोक झिजलेलं होतं आणि बॉल जॉइंट तर बोटाने हलत होता.

"हाई आजनं नही शे भाऊ," मगन म्हणाला. "कईनं घसायेल शे. हाऊ जॉइंट निसटी गया ना, तं चाक आडवं पडस. पहिले कोण चालावे गाडी? त्यास्ले समजनं नही का?"

"घरनाच," हेमकांत म्हणाला आणि फोनमध्ये बघण्याचं नाटक करू लागला. त्यास्ले समजलं होतं, त्यांनी सांगितलंही होतं, हे त्याच्या तोंडून निघेना.

नवे पार्ट बसले, चाकांचं अलाइनमेंट झालं. परतीच्या वाटेवर स्टेअरिंग हातात अगदी गुमान राहिलं. हेमकांतला हायसं वाटायला हवं होतं, पण त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्याने स्वतःला समजावून पाहिलं. मोठ्याने म्हणाला, "एक मातर बरं व्हयनं. चावी लिन्ही म्हनीसन आई-आप्पा वाचनात."

"मंग तं तुम्हना मोठा उपकारच शे त्यास्वर," ममता म्हणाली.

घरी आल्यावर तिनेच सुचवलं, ग्रुपवर टाका. त्याने लिहिलं, 'आप्पांचे हात ठीक आहेत, गाडी खराब होती.' वाचलं आणि पुसून टाकलं. चुकीची बातमी एका ओळीत ठोकून दिली होती, खरी लिहिताना मात्र बोटं अडखळली. स्वतःची त्याला खरोखर लाज वाटली. सकाळी रजा टाकून तो गाडी घेऊन गावी गेला.

आप्पा ओट्यावरच होते. दगूबाईने चहा आणला, मुलाला भरून आणि नवऱ्याला अर्धा. हेमकांतने झिजलेला जॉइंट कागदात गुंडाळून आणला होता. तो त्याने आप्पांसमोर ठेवला.

"आप्पा, गाडीच खराब व्हती. तुम्हना हात नही. मी चुकनू."

आप्पांनी जॉइंट हातात घेतला, त्याची गोळी बोटाने इकडून तिकडे हलवली. "भलताच ढिला व्हई जायेल शे," ते म्हणाले. मग तो परत कागदावर ठेवला.

"पहिले माले माहीत व्हतं, गाडीच शे," ते म्हणाले. "मंग तू हातनं सांगं, डाक्टर बी व्हयना, समदा गाव सांगाले लागना. मंग मी बी हातकडेच देखाले लागनू."

त्यांनी हात पुढे धरला. आता तो खरंच थोडा थरथरत होता.

हेमकांतच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने चावी पुढे केली. "चला आप्पा. आज तुम्ही चालावा. आईले बी लई चला."

आप्पांनी चावी घेतली नाही.

"एक सांग," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, राग असता तर हेमकांतला सोपं गेलं असतं. "तुन्हा हातमा थरथर व्हयनी, तवय तू कोठे गया? डाक्टरकडे का मिस्तरीकडे?"

दगूबाई दारात थांबली होती. कपबशी तिच्या हातातच राहिली.

"मिस्तरीकडे," हेमकांत म्हणाला.

आप्पांनी मान हलवली. ते उठले, वहाणा घातल्या आणि गाडीकडे चालू लागले. हेमकांतला वाटलं, सुटलो. आप्पा गाडीला वळसा घालून गेले, त्यांनी डावीकडचं दार उघडलं, आत बसले आणि तो येऊन गाडी सुरू करण्याची वाट बघू लागले.