पावाच्या वासाच्या चादरी

या, असे जवळ येऊन बसा. एका लाँड्रीची गोष्ट सांगतो. ती बुडता बुडता कशी तरली ते ऐकून जा, आणि जाताना माझं एक काम करा, ते शेवटी सांगेन.

लाँड्री होती विहीणबाईंची. त्यांना नाव असणारच, पण सगळी गल्ली त्यांना विहीणबाईच म्हणायची. कारण शेजारचा बेकरीवाला त्यांचा व्याही, आणि तो दिवसभर भिंतीपलीकडून ‘अहो विहीणबाई’ करत असायचा. त्याची मुलगी यांची सून. व्याह्याची तक्रार, तुमच्या साबणाचा वास माझ्या पिठाला लागतो. विहीणबाईंची तक्रार, तुमच्या धुराड्याची काजळी माझ्या पांढऱ्या चादरींवर बसते. बोलणं सगळं अहो-जाहोचं, पण एकेक शब्द इस्त्रीखालून काढल्यासारखा गरम.

लग्न ठरताना विहीणबाईंनी चारचौघांत सांगितलं होतं, मुलगी द्या, बाकी तुमच्याकडून सुतळीचा तोडाही घेणार नाही. बोलल्या त्या बोलल्या. पुढं व्याह्यानं नातवाला म्हणून बिस्किटं पाठवली तरी मागोमाग त्यांचे पैसे पोचायचे. वर म्हणायच्या, व्यवहार स्वच्छ असावा, आमचा धंदाच तो आहे.

लाँड्रीचं निम्म्याच्या वर काम एका मोठ्या हॉटेलचं. तिथं नवी मॅनेजरीण आली. एक दिवस ती लाँड्री बघायला आली आणि बॉयलरसमोर उभी राहिली. बॉयलर म्हणजे काळं तेल पिणारं धूड. खोकल्यासारखा आवाज करत काळाकुट्ट धूर ओकायचं. तिनं गोड शब्दांत सांगितलं, की आमच्या हॉटेलनं ठरवलंय, आमच्यासाठी काम करणाऱ्यांनीही हवा घाण करायची नाही. पुढच्या हंगामाच्या आत हा धूर थांबवा, नाहीतर आम्हाला दुसरी लाँड्री बघावी लागेल.

विहीणबाई विजेवरच्या बॉयलरची किंमत विचारून आल्या आणि चप्पल न काढताच खुर्चीत बसून राहिल्या. हॉटेल गेलं म्हणजे लाँड्रीला कुलूप, आणि धुणाऱ्या, इस्त्री करणाऱ्या, घड्या घालणाऱ्या सगळ्या बाया घरी.

सून त्या बेकरीतच लहानाची मोठी झालेली. ती म्हणाली, आई, पलीकडे पहाटेपासून दुपारपर्यंत बाबांची भट्टी धगधगत असते. लाकडाच्या वखारीतला टाकाऊ भुसा दाबून कांड्या करतात, त्यावर चालते. पाव भाजून होतात आणि उरलेली सगळी ऊब वर आभाळात जाते.

“त्यांचं काही आपल्याला नको,” विहीणबाई म्हणाल्या.

“ते फेकूनच देतात ना? फेकलेलं उचललं तर ते घेणं कसं होईल?”

विहीणबाईंना हे पटलं नाही, पण खोडूनही काढता येईना. शेवटी सुनेनंच बापाला विचारलं, भिंतीला वरच्या अंगाला भोक पाडलं, पंखा बसवला. भट्टीच्या तोंडावरची गरम हवा थेट वाळवणाच्या खोलीत यायला लागली. चादरी पापडासारख्या कडक वाळायच्या. तेल निम्म्यावर आलं. विहीणबाई खूश, मॅनेजरीण खूश.

आठवडा गेला आणि मॅनेजरीण हातात चादर घेऊन आली. म्हणाली, हुंगा. विहीणबाईंनी हुंगली. स्वच्छ आहे की. सुनेनं हुंगली. छान आहे. इस्त्रीवालीनं हुंगली, घडीवालीनं हुंगली, कुणाला काही कळेना. कळणार कसं? सगळ्यांचा जन्म बेकरीच्या भिंतीला टेकून गेलेला, नाकं त्या वासाला कधीच सरावली होती. मॅनेजरीणबाईंनी मग सांगितलं, की चादरींना ताज्या पावाचा वास मारतो. पाहुणे आडवे झाले की त्यांना भूक लागते, आणि स्वयंपाकघरातला फोन थांबत नाही. एक जण तर उशीचा अभ्रा तोंडात धरून झोपलेला सापडला म्हणे. हे शेवटचं मी पाहिलेलं नाही, पण ती सांगताना हसत नव्हती.

भोक बुजवलं. पुन्हा काळा धूर सुरू.

मग नळवाल्याला बोलावलं. त्यानं डोकं खाजवून सांगितलं, की बाई, हवा कशाला ओढता, पाणी फिरवा. बेकरीच्या धुराड्याच्या आत तांब्याच्या नळीचे वेढे बसवू. पाणी आत फिरून गरम होऊन येईल, वास जिथला तिथं राहील. फक्त त्यासाठी धुराडं उतरवावं लागेल. काम होईपर्यंत भट्टी थंड.

इथं विहीणबाई अडकल्या. थंड भट्टी म्हणजे व्याह्याचं गिऱ्हाईक दुसऱ्या बेकरीत. ही फेकलेली वस्तू नव्हती. ही मागायलाच लागणार होती, आणि सुनेला पुढं करून चालणार नव्हतं.

दुपारी त्या बेकरीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. व्याही पत्र्याचे ट्रे खरवडत होता.

“या विहीणबाई. काजळी का?”

“नाही. तुमच्याकडं मागायला आलेय.”

त्याच्या हातातली खरवडणी थांबली. विहीणबाईंनी सगळं सांगितलं, नुकसान होईल तेही सांगितलं. त्यानं ट्रे बाजूला ठेवला.

मग म्हणाला, “बिस्किटांचे पैसे यायचे ना तुमचे, ते बघून वाटायचं की माझ्या घरातलं काहीच तुमच्या लायकीचं नाही.”

“मला फक्त कुणाचं मिंधं व्हायचं नव्हतं हो,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला लागेल हे डोक्यातच आलं नाही.”

“उद्याच बोलवा त्या नळवाल्याला. आणि एवढी मोठी मुलगी घेऊन गेलात, तिथं नळीचं काय मोठंसं?”

“मुलगी काय सामान आहे का, बाबा?” मागोमाग येऊन उभी राहिलेली सून म्हणाली. “आणि फुकट नाही. आमचं कपडे शेवटचे विसळल्याचं पाणी अगदी स्वच्छ असतं, ते रोज गटारात जातं. ते तुमचे ट्रे आणि फरशी धुवायला घ्या. पाण्याचा टँकर मागवता, तो बंद होईल तुमचा.”

व्याही म्हणाला, ही माझ्याकडं होती तेव्हा एवढी हुशार नव्हती. विहीणबाई म्हणाल्या, आमच्याकडं पाणी चांगलं आहे.

धुराडं उतरलं, नळी बसली, भट्टी पेटली. टाकीला हात लावला तर चटका. मॅनेजरीण आली, चादर हुंगली, पुन्हा हुंगली, आणि हंगामाचं काम देऊन गेली. पण खरं ते सांगतो. भट्टी दुपारी विझते आणि टाकी संध्याकाळपर्यंत कोमट होते. मग तासाभरासाठी ते काळं धूड खोकायला लागतंच. मॅनेजरीण म्हणाली, वर्षभरात तेवढंही थांबवा.

म्हणून तुम्हाला बसवून घेतलं. त्या गल्लीच्या आसपास कुणाची भट्टी दुपारनंतर पेटत असेल, काचेची, विटांची, कसलीही, आणि ऊब वर जात असेल, तर तेवढं विहीणबाईंना कळवा. मागायला त्या स्वतः येतील.