उज्वलाच्या श्वासातली चरचर

मित्रांनो, माझी रबरी नळी आता ताठरली आहे, तरी नाशिकच्या या दवाखान्यात डॉक्टर संध्याबाईंच्या गळ्यात अजून मीच असतो. मी त्यांचा जुना स्टेथोस्कोप. कारखान्यातून आलो तेव्हा वाटलं होतं, छाती ती काय, सगळ्यांची सारखीच. कुठलं काय! माणसाच्या श्वासाने मला आजवर थक्कच केलं आहे.

आता उज्वलाचंच घ्या. विंचूरची सून, सातवा महिना. ताप, कोरडा खोकला, आणि धाप इतकी की बोलता बोलता थांबावं लागे. सोबत सासू लताबाई आणि सासरे मल्हारी.

"कांद्याची धूळ हाय, दुसरं काय नाय," मल्हारी म्हणाले.

डॉक्टरांनी मला तिच्या पाठीवर टेकवलं. कानाजवळ केसांची बट चोळावी तशी बारीक चरचर फुप्फुसांच्या तळाशी ऐकू आली. मी हादरलो. तिच्या श्वासावर दोन जीव होते.

"कुठली गोळी चालू आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

उज्वलाने सासऱ्यांकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. गोळी होती लघवीच्या जळजळीची, आणि सासऱ्यांपुढे लघवीचं नाव कोण काढणार? सून मरणाची कळ सोसेल, पण तो शब्द काढणार नाही. डॉक्टरही याच मातीतल्या. त्यांनी मल्हारींना बाहेर बसायला सांगितलं.

दार लागताच लताबाईंनी पिशवीतून गोळ्या काढल्या. "लघवीला जळजळ व्हायची, म्हणून गावच्या डॉक्टरांनी दिल्यात. ताप आला तरी एक चुकू दिली नाय मी."

"गोळी वाईट नाही," डॉक्टर म्हणाल्या. "गरोदर बायकांना आम्ही सर्रास देतो. पण क्वचित एखादीच्या फुप्फुसांना ती सोसत नाही."

तपासण्या झाल्या, ती गोळी बदलली, ऑक्सिजन लावला. रोज मी तिच्या पाठीवर जायचो आणि रोज चरचर कमी ऐकू यायची. शेवटी नुसता मोकळा श्वास राहिला. एवढीशी गोळी श्वास अडवते काय, आणि ती थांबताच शरीर सावरतं काय! मला अजून याचं नवल वाटतं.

मित्रांनो, मला श्वास ऐकू येतो. लाजेपोटी दडवलेलं ऐकू येत नाही. तेवढं तुम्हीच डॉक्टरांना सांगत जा. आणि मनाने गोळी बंद करू नका, आधी विचारा.

पुढच्या खेपेला मल्हारी भरल्या दवाखान्यात उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "डॉक्टरीणबाई, आमच्या सूनबाईला ती लघवीची गोळी सोसत नाय. ध्यानात ठेवा."

उज्वलाने पदर तोंडावर ओढला. पदराआड ती हसत होती.