कुंकवाखालची चांदणी

मित्रांनो, मी दहा रुपयांची एक जुनी नोट आहे. जुनी आणि दमलेली. हिंडून हिंडून दमले म्हणाल, तर तेही नाही. मी उभ्या आयुष्यात अर्धा कप चहासुद्धा विकत घेतला नाही. मी दमले ती पडून राहून आणि दरसाल कुंकू लावून घेऊन.

छापखान्यात गड्डी बांधताना एक नोट बिघडलेली निघाली. तिला बाजूला काढलं आणि तिच्या जागी मला घातलं. अशा बदलीच्या नोटेच्या नंबरात एक बारीक चांदणी छापतात. बाकी मोल दहाचंच. पण आम्ही मुळात थोड्या, त्यात कोऱ्या राहिलेल्या तर फारच थोड्या, म्हणून नोटा जमवणारे आमच्यासाठी जीव टाकतात. हे मला फार उशिरा कळलं. तोवर आपण दुसरीच्या जागेवर बसलोय, एवढंच ठाऊक होतं.

दर्यापूरच्या खुशालरावांनी अमरावतीच्या बँकेतून ती गड्डी आणली. लक्ष्मीपूजनाला कोरी गड्डी हवी, हा त्यांच्या पत्नीचा, गोदाबाईंचा हट्ट. पूजेत मांडायची आणि मग वर्षभर डब्यात. मोडायची मुळीच नाही. पहिल्याच दिवाळीला गोदाबाईंनी नोटा चाळल्या आणि माझी चांदणी त्यांना दिसली.

"अवं माय, इच्यावर त चांदणी हाय! शुभ हाय हे!"

झालं! मला ओढून सगळ्यांच्या वर ठेवलं आणि कुंकवाचं ओलं बोट नेमकं चांदणीवर टेकवलं. बाकीच्या जणी कोऱ्या करकरीत, बोट माझ्याच नशिबी. पुढे दर दिवाळीला तेच.

मग मोबाइलवर कुणीतरी आवई उठवली, की चांदणीवाली नोट नकली असते. गोदाबाई घाबरल्या. इतकी वर्षं खोट्या नोटेची पूजा केली की काय? त्यांना घास गोड लागेना. शेवटी खुशालरावांनी बडनेऱ्याला उस्मानभाईंना फोन लावला.

उस्मानभाई म्हणजे त्यांचे जुने मित्र, रेल्वेतून निवृत्त झालेले. नोटा जमवण्याचं भारी वेड. त्यांच्या अल्बममध्ये एकच कप्पा रिकामा होता, माझ्यासारख्या चांदणीवालीचा. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि ऑपरेशनची त्यांना धास्ती. नजर जायच्या आत तो कप्पा भरलेला बघायचा, एवढाच ध्यास. माझा नंबर फोनवर ऐकला आणि मिळेल त्या बसने ते दर्यापुरात हजर.

भिंग लावून त्यांनी मला न्याहाळलं. "वहिनी, असली हाय! इलेच तं शोधून राहिलो होतो मी!"

मग मला उजेडात धरलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काहून, काय झालं भाऊ?"

"काई नाई. कोरी असती तं..."

गोदाबाई काय ते समजल्या. "अगाई! माह्याच हातानं झालं काय हे?" म्हणत त्यांनी पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि मला खसाखसा पुसायला लागल्या.

"राहू द्या वहिनी! नका पुसू!"

पण तोवर कुंकू पसरलं आणि चांदणी त्यात बुडून गेली. इतक्या दिवाळ्यांनी केलं नाही, ते त्या एका पदराने केलं. खरं सांगते, मला वाईट वाटलं ते गोदाबाईंचं. त्या कोपऱ्यात तोंड फिरवून रडत होत्या.

उस्मानभाईंनी भिंग पिशवीत ठेवलं. मग खिशातून दहाची एक नोट काढून त्यांनी गड्डीत घातली आणि मला उचललं. आता माझ्याही जागी बदली आली.

घरी त्यांनी मला त्या रिकाम्या कप्प्यात सरकवलं. नात महेजबीन म्हणाली, "नाना, ये दागवाली क्यूँ रखी? इसको कोई नहीं पूछेगा."

उस्मानभाईंनी अल्बम डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"चांदणी तो अब मेरेको दिखती नहीं, बेटा. ये लाल दिखता है."

मित्रांनो, नोटेवर लिहू नका, तिला टाचू नका, कुंकू देवाला लावा. आणि मायेने डाग पडलाच, तर निदान घासू नका. आता मला जरा पडू द्या.